धाबं, नमुना आठ आणि हप्ता

आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग. धाब्याच्या घराला दुरुस्तीसाठी एवढेच दिवस मिळतात. या दिवसांत वरची फुटलेली माती खरवडायची, खारी माती आणून पसरायची, पाणी मारून चोपायची, पाणी पडण्याची वाट मोकळी करायची. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर काटक्या आणि मातीचा थर, खाली हातभर रुंद भिंती. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीपुढे जातो, तेव्हाही अशा घरात दुपारी माणूस झोपू शकतो. पत्र्याखाली झोपून पाहिलेल्याला हा फरक सांगावा लागत नाही.

अशा घराला दरवर्षी थोडा खर्च लागतो आणि पंचवीस-तीस वर्षांतून एकदा मोठा. भिंतीत गेलेले तुळईचे टोक कुजले, की ते बदलल्याशिवाय गत्यंतर नसते. ते राहिले तर एका पावसाळ्यात अख्खा खण बसतो. वर्षाची खारी घरातल्या पैशांतून होते. तुळई होत नाही. तिच्यासाठी कर्ज कुठे मिळते, हे पाहताना ही टिपणे जमत गेली.

०

पारोळ्याकडच्या एका गावात एका आजीला विचारले, घरकुलाच्या यादीत नाव आहे का? त्यांनी यादीबद्दल काहीच सांगितले नाही. म्हणाल्या, "माले नवं घर नको भाऊ, हाई धाबं गयाले नको, बस."

०

सरकारी मदत नव्या घरांत मोजली जाते. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली, २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण)ने घेतली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. त्याशिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. राज्याच्या योजना निराळ्या: अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास. साक्री-शिरपूरच्या पट्ट्यात शबरीचे नाव घराघरात माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात एकाच दिवशी २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रे दिली गेली. त्यानंतर राज्याने आपल्याकडून ५० हजारांची भर जाहीर केली, त्यांतले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी.

हे काम मोठे आहे. कुडाच्या भिंतीतून विटांच्या भिंतीत गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी ही रक्कम म्हणजे आयुष्यातला सर्वांत मोठा आधार होता. पण एक गोष्ट मागे राहून गेली. जुन्या इंदिरा आवासमध्ये १९९९-२००० पासून निधीचा काही हिस्सा कच्च्या घराच्या सुधारणेसाठी ठेवलेला असे. नव्या योजनेत तो नाही. आता मदत हवी तर नवे घर बांधा. चार भिंती भक्कम आहेत आणि फक्त दोन तुळया कुजल्या आहेत, अशा घराला या हिशेबात रकानाच नाही. मग माणूस चांगल्या भिंती पाडतो. सव्वा लाखात बांधलेल्या २५ चौरस मीटरच्या खोलीत शिरतो आणि मे महिन्यात ओट्यावर झोपतो.

०

घरकुलाच्या हप्त्यांचा क्रम बघा. पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचा हप्ता काम जोत्यापर्यंत आले, त्याचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह चढवला, तो मंजूर झाला, की मग. म्हणजे प्रत्येक टप्प्याला पैसा आधी लाभार्थ्याने घालायचा आणि सरकारने मागून द्यायचा. ज्याच्याकडे पैसा नाही म्हणून तो यादीत आला, त्यानेच आधी घालायचा.

तो कुठून घालतो? सिमेंटच्या दुकानदाराची उधारी, बायकोच्या मण्या-पोतीवर सोनेतारण, बचत गटातली उचल, मेव्हण्याकडून हातउसने. याच योजनेत लाभार्थ्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मिळावे अशी तरतूद आहे. ते कर्ज मिळालेला लाभार्थी मला अजून भेटायचा आहे. ही ७० हजारांची सोय नीट चालली असती, तर अर्धी घरकुले जोत्यावर थांबली नसती, असे माझे मत आहे. घरकुलासाठी पाच ब्रास वाळू मोफत, हेही धोरणात आहे. गिरणेच्या काठच्या गावांत वाळू दिसते, पण ती ओट्यापर्यंत आणणाऱ्या ट्रॅक्टरचे भाडे त्याच १५ हजारांतून जाते.

०

आता कागद. खान्देशातला घरदुरुस्तीचा प्रश्न अर्धा तरी इथे अडतो.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीच्या आकारणीचा. त्यावर नाव असते आजोबांचे. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, तीन मुलांनी मधे भिंती घालून घर वाटून घेतले, आत्याचा हक्क कोणी विचारला नाही, आणि घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने भरली जाते. घरात कोणाला यात काही चुकीचे वाटत नाही. बँकेच्या टेबलावर मात्र हे घर कोणाचेच नसते. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, असे अधिकारी सांगतो. नियमाने त्याचे म्हणणे बरोबर असते.

ही गाठ सोडवण्यासाठी २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजायचे, प्रत्येक मिळकतीची हद्द ठरवायची, सनद आणि मिळकत पत्रिका द्यायची. घरावर कर्ज काढता यावे, हा तिचा एक उघड हेतू होता. मोजणी झालेल्या गावांत फिरताना दिसते की ड्रोनने भिंती मोजल्या, पण भावांमधला व्यवहार ड्रोन मोजू शकत नाही. पत्रिकेवर नाव कोणाचे, इथे गाडी पुन्हा अडते. वारस नोंद करायला तिघे भाऊ एकदा एकत्र बसावे लागतात, बहिणींची संमती किंवा त्यांचा हिस्सा, दोन्हींपैकी एक प्रामाणिकपणे लिहावा लागतो. बहिणींच्या हक्कसोड पत्रावर आखाजीला माहेरी आल्यावर सही घेण्याची रीत आहे. मला ती बोचते. सण लेकीचा आणि त्याच दिवशी तिचे नाव काढायचे. तिचे नाव ठेवूनही कर्ज मिळते, सहकर्जदार म्हणून तिची सही लागते एवढेच.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी योजना आहे. आधी ५० हजार मिळत, नंतर ती मर्यादा एक लाखापर्यंत नेली. शहराजवळच्या गावात त्या पैशांत ५०० चौरस फूट जागा बसते का, हे जळगावच्या किंवा धुळ्याच्या आसपास राहणाऱ्याला ठाऊक आहे.

०

गरिबाच्या घरासाठी कर्ज, हा विषय जळगावात काढला की माणसे एकच शब्द उच्चारतात: घरकुल.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने हुडकोकडून कर्ज काढले आणि शहराच्या निरनिराळ्या भागांत ११ हजारांवर घरकुले बांधायची ठरवली. कल्पना वाईट नव्हती. झोपडपट्टीतल्या माणसाला बँक उभे करत नाही, म्हणून पालिकेने त्याच्यासाठी कर्ज काढावे, घर बांधावे आणि त्याच्याकडून सोसवेल असे वसूल करावे. हुडको १९७० मध्ये स्थापन झाली ती अशाच कामांसाठी. पण प्रत्यक्षात पूर्ण झाली ती दीड हजाराच्या आसपास घरे. ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली, जागांची पूर्तता होण्याआधी कामे सुरू केली, असे आरोप झाले. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला निकाल लागला. दोन माजी मंत्र्यांसह ४८ जण दोषी ठरले. त्यावर पुढे अपिले झाली.

वर्तमानपत्रांत शिक्षेची वर्षे आणि दंडाचे आकडे आले. मी मागे राहिलेल्या दोन गोष्टी टिपून ठेवतो.

पहिली: कर्ज फिटायचे थांबले नाही. घरे झाली नाहीत तरी हुडकोचे व्याज चढत राहिले. कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या आदेशाने पालिकेची खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली. शहराच्या रस्त्यांचे, गटारींचे, दिव्यांचे पैसे त्या परतफेडीत गेले. ज्याला घर मिळाले नाही त्यानेही आपल्या मोडक्या रस्त्याच्या रूपाने हप्ता भरला.

दुसरी: फिर्याद २००६ ची, निकाल २०१९ चा. त्या तेरा वर्षांत यादीतल्या माणसाची मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, आणि ती त्याच झोपडीत दुसरी चूल मांडून राहिली.

सार्वजनिक कर्जाला माझा विरोध नाही, उलट ते अजून हवे आहे. पण ज्या माणसाच्या नावाने कर्ज काढले जाते त्याला दर सहा महिन्यांनी तीन आकडे कळले पाहिजेत: किती कर्ज उचलले, किती घरे उभी राहिली, किती फिटले. पालिकेच्या सतरा मजली इमारतीच्या तळमजल्यावर, येताजाता दिसेल अशा ठिकाणी, हे तीन आकडे लिहिलेले असते तर गोष्ट इतकी लांबली नसती.

०

शिक्षकाच्या, तलाठ्याच्या घराची गच्ची गळते तेव्हा काय होते? तो ग. स. सोसायटीत जातो. जळगाव जिल्ह्यातल्या सरकारी नोकरांची ही पतपेढी शंभरी ओलांडलेली आहे; धुळे-नंदुरबारकडे नोकरांची बँक आहे. दोन सहकारी जामीन राहतात, हप्ता पगारातून कापला जातो, घराचा उतारा कोणी फारसा पाहत नाही. पावसाआधी गच्चीवर काम सुरू झालेले असते.

यात कोणाला दोष द्यायचा नाही. ही चांगली व्यवस्था आहे आणि नोकरदारांनी ती स्वतःच्या भागभांडवलातून उभी केली. मुद्दा एवढाच, की तिथे कर्ज घरावर नाही, माणसाच्या नियमित मिळकतीवर आणि सोबत्यांच्या सहीवर दिले जाते. कापूस पिकवणाऱ्याची मिळकत दरमहा येत नाही, पण दरवर्षी येते, आणि ती कोणत्या महिन्यांत येते हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक असते.

०

प्रधानमंत्री आवासच्या शहरी योजनेतले व्याज अनुदान. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पर्वात वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर ६.५ टक्के व्याजाची सवलत होती. ती एकरकमी कर्जखात्यात जमा व्हायची, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. मार्च २०२२ मध्ये हा भाग बंद झाला. सप्टेंबर २०२४ पासून दुसरे पर्व आले. आता वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत.

पहिल्या पर्वात जुन्या घराला खोली वाढवायची असली तरी अनुदान मिळत असे. धुळ्यात देवपूरसारख्या भागात मुलाच्या लग्नाआधी वर एक खोली चढवणारी कितीतरी घरे आहेत. त्यांच्या कामाची तीच सोय होती, आणि तिची माहिती फार कमी जणांना होती.

आकडा एकदा मांडून पाहावा. ५ लाख रुपये, ९ टक्के, २० वर्षे: हप्ता सुमारे ४,५०० आणि एकूण परतफेड १० लाख ८० हजारांच्या जवळ. अनुदान जमा झाल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, असा पर्याय बँकेने दिला तर मुदत कमी करून घ्यावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड २०१२ पासून बंद आहे. कापूस चांगला गेला त्या वर्षी जादा रक्कम भरून टाकावी.

०

"बारा टक्के" म्हणून जे कर्ज दारात येते त्याबद्दल.

एक लाख रुपये, दोन वर्षे, बारा टक्के सरळ. व्याज २४ हजार, एकूण १ लाख २४ हजार, महिन्याला ५,१६७. ऐकायला ठीक वाटते. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असते आणि व्याज शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर लागते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. घरावर पत्रे टाकायला गल्लीतल्या बायका गटाने असे कर्ज घेतात आणि आठवड्याला हप्ता भरतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरावर सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि सूक्ष्म कर्ज लवकर फेडले तर दंड लावता येत नाही. वसुलीला येणाऱ्या माणसाला हे विचारण्याचा हक्क बायकांना आहे. त्यांनी विचारावे.

०

३१ ऑगस्ट २०२१. चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर शहरात आणि आसपासच्या गावांत शिरला. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या की वरून दिसत नाही, पण पाया आतून विरघळतो. घर उतरते ते पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर.

आपत्ती मदतीच्या २०२२ नंतरच्या राष्ट्रीय निकषांत घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार. अंशतः पडझड असेल, म्हणजे निदान १५ टक्के, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. मधे काहीच नाही. रावेर-मुक्ताईनगरकडे मेच्या वादळात केळी आडवी होते आणि त्याच वाऱ्यात पत्रे उडतात. पंचनाम्यात केळीचे हेक्टर मोजले जातात, घराला ४,००० लिहिले जातात. त्या पैशांत उडालेले पत्रे परत येतील. वाकलेले लोखंड आणि भिंतीची चीर तशीच राहते. ४ हजार आणि सव्वा लाख यांच्या मधली जी दरी आहे, तिथेच दुरुस्तीच्या कर्जाची खरी गरज आहे.

०

अमेरिकेच्या शेती खात्याची एक जुनी योजना आहे, १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम ५०४ खाली. खेड्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या अगदी अल्प उत्पन्नाच्या माणसाला घरदुरुस्तीसाठी १ टक्का व्याजाने, २० वर्षांच्या मुदतीने ४० हजार डॉलरपर्यंत कर्ज. ६२ वर्षांच्या पुढच्या, कर्ज फेडू न शकणाऱ्या माणसाला दुरुस्तीसाठी थेट अनुदान. इतक्या श्रीमंत देशानेही गृहीत धरले की खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचे घर गळणार आहे आणि त्याला नवे घर नको असणार आहे. रकमा आपल्याला झेपणार नाहीत. विभागणी मात्र घेण्यासारखी आहे: ज्याला फेडता येते त्याला स्वस्त कर्ज, ज्याला येत नाही त्याला मदत, आणि दोन्ही दुरुस्तीसाठी.

०

आपल्याकडे असे काहीच नाही असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये केंद्राने ग्रामीण गृहनिर्माण व्याज अनुदान योजना मंजूर केली: घरकुलात न बसणाऱ्या ग्रामीण कुटुंबाला नवे घर किंवा जुन्याची सुधारणा यासाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांत लहान शहरांत आणि गावांत नादुरुस्त घराच्या डागडुजीसाठी ६ लाखांपर्यंतचे कर्ज प्राधान्य क्षेत्रात धरलेले होते. म्हणजे बँकेने असे कर्ज दिले तर तिचे उद्दिष्टही पुरे होते. तरी शाखेत "घरदुरुस्ती" म्हटले की समोरचा माणूस सोनेतारणाचा कागद पुढे करतो.

मग माणूस विविध कार्यकारी सोसायटीच्या पीक कर्जाकडे वळतो. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर राज्यात व्याज लागत नाही. त्यातूनच पत्रे येतात, त्यातूनच फरशी बसते. मार्च आला की नवं-जुनं करायचे, म्हणजे जुने फेडून नवे उचलायचे. बियाण्याला पैसे कमी पडतात आणि ते कृषी केंद्राच्या उधारीवर येते. घर सावरले, शेत कर्जात गेले. असे घडलेले सगळ्यांना माहीत असते, अगदी सोसायटीच्या सचिवालाही.

माझे म्हणणे असे: दुरुस्तीसाठी दोन लाखांपर्यंतचे वेगळे कर्ज याच सोसायटीतून आणि जिल्हा बँकेतून मिळावे. तारण घराचे नको, कारण कागद नाही. भावकीतल्या किंवा गटातल्या दोघांची हमी पुरे. फेड दिवाळी ते होळी, कापूस आणि मका विकला जातो त्या दिवसांत, वर्षातून दोनदा. पैसे एप्रिलमध्ये हातात पडले पाहिजेत, ऑगस्टमध्ये नाही. ऑगस्टमध्ये मिळालेला पैसा घरावर लागत नाही, दवाखान्यात जातो. आणि धाब्याला कर्ज द्यावे. पत्रा आणि स्लॅबच पक्का, ही समजूत या उन्हात टिकणारी नाही.

०

हे होईल तेव्हा होईल. तोवर खान्देशातल्या वाचकाने तीन कामे याच उन्हाळ्यात करावीत. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा ताजा उतारा काढा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. गेलेल्या माणसाचे असेल तर वारस नोंदीचा अर्ज द्या, बहिणींची नावे ठेवून. गावाची स्वामित्व मोजणी झाली असेल तर सनद घेऊन या, ती कार्यालयात पडून असू शकते. आणि सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत, लाभांशाचा विषय संपला की उठून विचारा: घरदुरुस्तीसाठी आपण कर्ज का देत नाही? उत्तर काय मिळाले ते इतिवृत्तात लिहायला लावा.